मदतनीस : एक

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात आर्डिस लेफ्सा लाटत होती आणि व्हर्ना तव्यापाशी उभी राहून भाजत होती. उकडलेल्या बटाट्यात लोणी, साय आणि मैदा मळून केलेली ही नॉर्वेकडची पोळी. पोळपाटाच्या कापडाची वीण आरपार दिसेल इतकी पातळ लाटली तर तिला लेफ्सा म्हणायचं, नाहीतर नुसती बटाट्याची भाकरी. आर्डिसच्या हाताखालून ती तशी निघे. तिच्या आईच्या हाताखालूनही निघायची. गेली एकोणीस वर्षं, ऑक्टोबर लागला की या दोघी नणंद-भावजय नाताळपर्यंत इथं उभ्या राहत. एकीनं लाटायचं, दुसरीनं भाजायचं, आठवड्याला सहाशे. मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला, एल्म लेक गावात आणि आसपासच्या बिटाच्या शेतांवर, 'व्हर्नाचा लेफ्सा' ठाऊक नाही असं घर नव्हतं. पाकिटावर तसंच छापलेलं असे.

त्या मंगळवारी व्हर्ना खुशीत होती.

"फार्गोवाल्यांचा फॉर्म आला गं," ती म्हणाली. "अकरा दुकानं आहेत त्यांची. शुक्रवारपर्यंत भरून पाठवला तर नाताळाआधी सगळीकडे माल ठेवतो म्हणतात."

"बरं झालं."

"त्यात एक रकाना आहे, सरकारी कर-क्रमांकाचा. म्हणजे माणसाचा नव्हे, धंद्याचा नंबर. आपल्याकडे कुठला असायला? म्हणून काल ड्वेनकडे जाऊन आले."

ड्वेन ऑसन गावातल्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत बसून सगळ्या गावाची कराची कागदपत्रं करायचा. आर्डिसचीही तोच करी.

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, धंदा एकट्या माणसाचा असेल आणि पगारी कुणी नसेल, तर वेगळा नंबर लागत नाही. आपला स्वतःचा सोशल सिक्युरिटीचा नंबर चालतो. इतकी वर्षं चाललाच की. पण तो मी त्या फार्गोवाल्यांच्या हातात कशाला देऊ? तर म्हणे, तसाही घेता येतो, आणि पगारी माणूस ठेवलास तर घ्यावाच लागतो. म्हटलं, मग लिहूनच टाक. मदतनीस, एक." व्हर्नानं लांब पट्टी लेफ्शाखाली सरकवली आणि तो अलगद उलटला. "तुझंच नाव सांगितलं. तासाला चौदा डॉलर, दर पंधरवड्याला चेक. वर्षअखेरीस वाटण्या करत बसायला नको. तुझीही कटकट गेली."

आर्डिसचं लाटणं थांबलं नाही. कडेपर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"हं," ती म्हणाली. "वेगळंच आहे."

एल्म लेकमध्ये याहून कडक शब्द कुणी उच्चारत नाही. पाद्र्यानं प्रवचनात काही भलतंच सांगितलं, सुनेनं घराला जांभळा रंग दिला, जावयानं पिऊन गाडी खड्ड्यात घातली, तर माणसं म्हणतात, 'वेगळंच आहे', आणि ऐकणारा समजायचं ते समजतो. व्हर्नाला समजायला हवं होतं. पण तिची पाठ वळलेली होती आणि ती फार्गोच्या अकरा दुकानांत हिंडत होती.

त्या दिवशी आर्डिसनं आणखी एकशे चाळीस लेफ्से लाटले. एकही फाटला नाही. रागात हात थरथरतात म्हणतात. तिचे थरथरले नाहीत. राग हातात नव्हताच. तो बरगड्यांच्या आत कुठंतरी चुलीतल्या निखाऱ्यासारखा बसला होता, धूर नाही, ज्वाळा नाही, आणि दर लेफ्शागणिक त्याला कुणीतरी फुंकर घालत होतं. चौदा डॉलर. मदतनीस. आईचे तवे, आईचं माप, आईनं हातावर चापट्या मारून शिकवलेली लाटण्याची रीत. माहेरची जर्मन ही व्हर्ना. लग्न होऊन क्वामांच्या, म्हणजे आर्डिसच्या नॉर्वेजियन घरात आली तेव्हा तिला लेफ्सा नुसता खाता यायचा, उलटताही येत नव्हता. तिचा हात धरून भाजायला शिकवलं कुणी? मदतनिसानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस रोजच्यासारखी साडेपाचला उठली. एक स्तोत्र वाचल्याशिवाय कॉफी तोंडाला लावायची नाही, हा तिचा नेम. शाळेच्या खाणावळीत स्वयंपाकीण होती तेव्हापासूनचा, चाळीस वर्षांचा. आजारपणात, बर्फाच्या वादळात, भाऊ गेला त्या सकाळीसुद्धा तिनं तो मोडला नव्हता. आज पान उघडलं तर स्तोत्र क्षमेचं निघालं. तिनं दोन ओळी वाचल्या, पुस्तक मिटलं आणि कॉफी ओतून घेतली.

"आज नाही," ती म्हणाली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा ते कुणाला सांगितलं हे उघड होतं.

नऊ वाजता ती ड्वेनच्या खोलीत होती.

ड्वेन चांगला माणूस. उंच, जरा वाकलेला, दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधी मान डोलावणारा. "आर्डिस. ये ये. कॉफी?"

"नको."

"अर्धा कप?"

"कशाला उगाच तुला त्रास."

"केलेलीच आहे गं."

"मग दे थोडीशी."

कप हातात आला आणि आर्डिसच्या डोळ्यांपुढे एकोणीस वर्षांपूर्वीची ती काचेची खिडकी उभी राहिली.

जिल्ह्याच्या कचेरीत परवाना काढायला दोघी गेल्या होत्या. ऑर्व्हिल, म्हणजे आर्डिसचा पाठचा भाऊ आणि व्हर्नाचा नवरा, त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. व्हर्ना घरात बसून भिंतीकडे बघायची. लेफ्सा विकू या, हे आर्डिसनंच सुचवलं. तिचं मन रमावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर स्वतःचंही. खिडकीतल्या बाईनं विचारलं, मालकाचं नाव? व्हर्नानं वळून पाहिलं. "दोघींची लिहू ना?" तिनं विचारलं. आणि आर्डिस म्हणाली, "माझं कशाला? तुझं लिही."

आता, असं विचारल्यावर क्वामांच्या घरातली, ऑसनांच्या घरातली, त्या गावातली कुठलीही बाई हेच म्हणाली असती. पहिल्या खेपेला कुणी हो म्हणत नाही. कॉफीला म्हणत नाही, पाहुणचाराला म्हणत नाही, शेजाऱ्यानं गाडी ढकलून देतो म्हटलं तरी म्हणत नाही. आधी नको, मग कशाला, मग तिसऱ्यांदा विचारलं की बरं. पहिल्याच विचारण्याला हात पुढे करणारा माणूस हावरा. स्वतःचं नाव स्वतःच पुढे करणारा तर त्याहून वाईट. आर्डिस नको म्हणाली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी राहिली. मागे रांग होती. व्हर्नानं मान खाली घातली, एकच नाव लिहिलं, कागद खिडकीतून आत सरकवला.

घरी येताना आर्डिसनं स्वतःची समजूत घातली होती : नावात काय आहे, काम तर दोघींचं. एकोणीस वर्षं ती समजूत टिकली. मंगळवारी दुपारी उडाली.

"ड्वेन," ती म्हणाली, "धंद्याला सरकारी नंबर लागतो का नाही, हे कशावरून ठरतं?"

"व्हर्नाला सांगितलंय मी परवा."

"आता मला सांग."

त्यानं मान डोलावली. "माणूस एकटा असेल, पगारी कुणी नसेल, तर नाही लागत. पगारी माणूस ठेवला की लागतो. रीतसर कंपनी काढली की लागतो. दारूच्या नाहीतर तंबाखूच्या धंद्यालाही लागतो, पण चर्चच्या तळघरात तुम्ही ते करत नसाल असं मी धरून चालतो."

ती हसली नाही.

"आणि मालकिणी दोघी असतील तर?"

ड्वेनची मान डोलायची थांबली. "तर लागतो. भागीदारीला तिचा स्वतःचा नंबर हवा."

"करारपत्र केलं नसेल तरी?"

"तरी. कर खातं पाकिटावरचं नाव बघत नाही, तुमचं वागणं कसं होतं ते बघतं. दोघांनी मिळून धंदा चालवला, नफा वाटून घेतला, तोटा वाटून घेतला, की झाली भागीदारी. लिहा नाहीतर न लिहा."

"मग विचार मला."

"काय विचारू?"

"जे विचारायचं असतं ते. व्हर्नाला विचारलंस. मला एकोणीस वर्षांत कुणी काही विचारलेलं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. तो तसाही कधी चढत नसे. चर्चच्या गायनात ती मागच्या ओळीत उभी राही आणि शेजारणीलासुद्धा ऐकू जात नसे. पण ड्वेननं खुर्ची पुढे ओढली.

"बरं. तवे कुणाचे?"

"दोन माझ्या आईचे. तिसरा दोघींनी मिळून घेतला."

"बटाटे कुणी आणायचे, भाव कुणी ठरवायचा?"

"बटाटे मी. भाव दोघी. वाद झाला की माझा खरा, कारण तिला स्वस्त विकायची खोड आहे."

"वर्षअखेरीस?"

"निम्मं निम्मं. तिच्या टेबलाशी बसून. एका डॉलरची चूक निघाली तर पुन्हा सुरुवात."

"आणि तोटा? तोटा कधी आला?"

"चर्चचा फ्रीझर बंद पडला त्या साली. चारशे पाकिटं डुकरांना घातली. त्या वर्षी नफा नव्हताच, खिशातून भरावं लागलं. निम्मं मी भरलं."

ड्वेन खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, बर्फ उपसायची फावडी रांगेत लावलेली होती.

"पगारी माणूस तोटा सोसत नाही," तो सावकाश म्हणाला.

"नाही ना?"

"नाही."

"दर एप्रिलमध्ये माझा हिस्सा माझ्या कागदात कोण लिहितो, ड्वेन?"

"मीच."

"आणि व्हर्नाच्या कागदात?"

"तिच्यात 'मदतीबद्दल दिले' असं..." तो थांबला.

"दोन्ही कागद याच टेबलावर. एकाच आठवड्यात. दर नाताळला पंधरा पाकिटं नेतोस, तळघरात स्वतः उतरून येतोस. तुला कोण दिसतं तिथं? व्हर्ना आणि तिचं लाटणं?"

"आर्डिस, मला माणसं जे सांगतात ते मी लिहितो."

"हो. आणि मी काही सांगितलं नाही. ते मला माहीत आहे, ते तू सांगायला नको."

टेबलाच्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये तो अर्ज होता. शिसपेन्सिलनं भरलेला. ड्वेननं लपवायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. मालक : व्हर्ना क्वाम. धंद्याचा प्रकार : एकल मालकी. येत्या वर्षात कामावर असणारी माणसं : एक.

आर्डिसनं तो उलटा वाचला, मग वळवून सुलटा वाचला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या धंद्याच्या एखाद्या कागदावर आली होती, आणि आली ती अशी, नाव नसलेला एक आकडा होऊन. कानशिलं तापली. चुलीसमोर उभं राहिल्यावर तापतात तशी.

"अजून पाठवलेला नाही," ड्वेन म्हणाला. "कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम आहे, पैसे पडत नाहीत. व्हर्ना शुक्रवारी येणार आहे."

"पाठवू नकोस."

"तो तुझा अर्ज नाही गं. मला तुझं ऐकता येत नाही."

"त्यातला एक जो आहे ना, तो मी आहे," आर्डिस म्हणाली. "आणि तो एक नाही म्हणतोय."

कॉफी तशीच ठेवून ती उठली.

गुरुवारी ती तळघरात गेली तेव्हा व्हर्ना आदल्या दिवशीचे थंड बटाटे यंत्रातून दाबून काढत होती. शेवेसारखे पांढरे धागे भांड्यात पडत होते. व्हर्ना एक भजन गुणगुणत होती. आर्डिसनं एप्रन खुंटीवरून काढला नाही.

"ड्वेनकडे गेले होते काल."

गुणगुणणं थांबलं. "त्याचा फोन आला होता. म्हणाला, तू नाराज आहेस." व्हर्नानं हात पुसले. "अगं, मला सांगायचंस ना. चौदा कमी वाटले का? साडेचौदा करू. पंधरा म्हणालीस तरी माझी ना नाही."

आर्डिसला क्षणभर काही दिसेनासं झालं. खरंच, डोळ्यांपुढे नुसता पांढरा रंग. तिनं ओट्याची कड धरली. कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. थोबाडीत मारणारा निदान तुमच्याकडे बघत असतो.

"व्हर्ना," ती म्हणाली, "तू मला माझ्याच आईच्या तव्यावर पगाराला ठेवतेस?"

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू ते सांग."

"परवाना माझ्या नावावर आहे, आर्डिस. पहिल्यापासून आहे. मी तुला विचारलं होतं. तुझ्या तोंडानं तू नको म्हणालीस. खिडकीतली ती बाईसुद्धा साक्षीला होती."

"एकदा विचारलंस."

"मग? किती वेळा विचारतात माणसाला? आमच्या माहेरी नको म्हणजे नको."

"माहेर सोडून तुला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. माझ्या आईच्या टेबलाशी बसलीस, माझ्या भावाबरोबर संसार केलास. पाद्री घरी येतो तेव्हा कॉफी कितीदा विचारतेस?"

व्हर्ना भांड्यातल्या बटाट्यांकडे बघू लागली.

"कितीदा गं?"

"तीनदा."

"पाद्र्याला तीनदा. बिटं घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याला तीनदा. मला एकदा."

वर कुठंतरी दार वाजलं, कुणीतरी फुलं ठेवायला आलं असावं. पावलं गेली. दोघी ती जाईपर्यंत थांबल्या. भांडणातसुद्धा चर्चमध्ये आवाज ऐकू जाऊ नये, इतकं दोघींच्या अंगात मुरलेलं होतं.

व्हर्ना स्टुलावर बसली. "दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तू हो म्हणशील अशी भीती वाटली," ती म्हणाली.

आर्डिसनं ओट्याची कड सोडली.

"सत्तेचाळीसची होते मी. राहायचे ते घर तुमच्या लाइलचं, थोरला भाऊ म्हणून त्याला मिळालेलं. गाडी बँकेची. माझं नाव कुठं लिहिलेलं होतं माहीत आहे? ऑर्व्हिलच्या थडग्याच्या दगडावर. त्याच्या शेजारी, कोरून तयार. मेल्याची तारीख घालायची तेवढी बाकी. रविवारी फुलं घेऊन गेलं की स्वतःचंच नाव वाचायचं." तिनं मांडीवरचा एप्रन सरळ केला. "त्या खिडकीत ती बाई म्हणाली, मालकाचं नाव. मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं."

आर्डिसनं तो दगड पाहिला होता. तोच दगड निवडायला ती बरोबर गेली होती आणि तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं. लाइलनं घर आणि शेत घेतलं तेव्हा तीही गप्पच बसली होती. तिलाही त्या जमिनीतलं ढेकूळ मिळालं नव्हतं. दया येत होती. पण त्या दयेनं राग विझेना. ओल्या लाकडासारखी ती त्यावर पडली आणि नुसता धूर झाला.

"मग मागायचं होतंस," ती म्हणाली. "आर्डिस, हे एवढं मला एकटीला हवंय, असं म्हणायचं होतंस. मी दिलं असतं. त्या दिवशी काहीही दिलं असतं मी तुला. न मागता घेतलंस. बरं, घेतलंस ते घेतलंस, नाव नेलंस, मी सोसलं. आता मला चौदा डॉलरला ठेवतेस, आणि वर 'तुझीही कटकट गेली'."

"मला वाटलं, तुझं वय झालंय, नियमित पैसे..."

"तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे मी. इथून पुढे मीच जास्त उभी राहणार आहे, बघशील तू."

व्हर्नानं नाक ओढलं. मग तिच्यातली जर्मन जागी झाली. "ठीक आहे. पगार नको ना? मग जसं होतं तसं राहू दे. मी एकटी, नंबर नको, काही नको. फार्गोवाल्यांना माझा सोशल सिक्युरिटीचा देते. निम्मे पैसे तुला येतच राहतील."

"आणि मी कोण?"

"तू म्हणजे... तू आर्डिस."

"त्या नावाचा रकाना नाही फॉर्ममध्ये. मी बघितलाय. मी पगारी असेन तर नंबर लागतो. मी मालकीण असेन तर नंबर लागतो. मी कुणीच नसेन तेव्हाच फक्त लागत नाही." आर्डिसनं पर्समधून किल्ल्या काढल्या. "उठ. गाडीत बस."

"आत्ता? बटाटे उघडे आहेत."

"फडकं घाल त्यांच्यावर."

"आणि नाही आले तर?"

आर्डिसनं ओट्यावरच्या तव्यांकडे पाहिलं. "तर दोन तवे मी आज घरी नेते. उद्या माझ्या नावानं लाटते. मी एकटी असेन, मला कुणाचा नंबर लागणार नाही. तू तिसरा घे आणि त्यावर काय भाजायचं ते तुझं तू लाट."

व्हर्नाला लाटता येत नव्हतं. एकोणीस वर्षांत तिनं कधी शिकायचं मनावर घेतलं नव्हतं, आणि आर्डिसनंही कधी शिकवायचं मनावर घेतलं नव्हतं. हे दोघींना त्याच क्षणी कळलं. व्हर्नानं बटाट्यांवर ओलं फडकं घातलं आणि एप्रनवरच कोट चढवला.

वाटेत साखर कारखान्याकडे जाणारे बिटांचे ट्रक समोरून येत होते आणि आर्डिस, जी एरवी प्रत्येक ट्रकवाल्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करायची, ती आज एकालाही करेना.

दोघींना एकदम दारात बघून ड्वेन उभाच राहिला. "कॉफी?" त्यानं विचारलं.

"नको," आर्डिस म्हणाली, आणि ते असं म्हणाली की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

त्यानं पेन्सिलीचा अर्ज बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटर उघडला. धंद्याचा प्रकार? "भागीदारी," आर्डिस म्हणाली. त्यानं व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नानं होकाराची मान हलवली. भागीदार किती? दोन. पगारी माणसं? कुणी नाही. ठकठक बोटं चालली. मग ती थांबली.

"इथं एकच नाव बसतं," तो म्हणाला. "नंबर धंद्याचाच असतो, पण त्यांना एक जबाबदार माणूस हवा असतो, ज्याला ते पत्र पाठवतील. दुसरीचं नाव पुढच्या कागदांत येतंच. कुणाचं घालू?"

त्या गावात अशा वेळी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. दोघींच्या जिभेवर ते आलंही असेल.

"माझं," आर्डिस म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एखाद्या गोष्टीला असं म्हटलं होतं, आणि म्हणताना लाज वाटली. भरपूर वाटली, मानेपर्यंत गरम चढली. तरी तिनं शब्द मागे घेतला नाही. व्हर्ना भिंतीवरच्या बियाणं कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत होती.

नऊ आकडे पडद्यावर आले. ड्वेननं ते छापून दिले. एवढ्याशा कागदासाठी एवढं, असं कुणालाही वाटलं असतं.

"आता एक अवघड आहे," तो म्हणाला. "यापुढचं नीट झालं. मागचं काय? भागीदारीचं पत्रक दर वर्षी वेगळं भरायचं असतं. ते एकदाही भरलेलं नाही. तुम्ही दोघींनी आपापला हिस्सा दाखवलाय, कर बुडालेला नाही, म्हणून मी पत्र लिहून विनंती करीन. लहान भागीदारी असली, सगळं प्रामाणिकपणे दाखवलेलं असलं, की पुष्कळदा सोडून देतात. पण देतीलच असं नाही. दंड येऊ शकतो. चूक माझीही आहे, तेही लिहीन."

व्हर्ना कॅलेंडरवरून नजर न काढता म्हणाली, "दंड मी भरीन. सगळा. सह्या माझ्या आहेत."

तिच्या आवाजात खरा पश्चात्ताप होता, ते आर्डिसला ऐकू आलं. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, दोन दिवस आत धुमसत असलेलं सगळं एकदम वर आलं.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, चूक माझी आहे, मी कबूल करतेय..."

"चूक तुझीच आहे. दंड निम्मा माझा."

"कशाला उगाच तू..."

"व्हर्ना, गप्प बस." ड्वेननं मान वर केली, आर्डिस क्वामच्या तोंडून हे दोन शब्द गावात कुणी ऐकले नव्हते. "फ्रीझर बंद पडला तेव्हा निम्मं भरलं मी. हेही निम्मं माझं आहे. नाव एकटीनं नेलंस. आता दंडही एकटीच नेणार आहेस का?"

व्हर्नानं कॅलेंडरवरून नजर काढली. ती म्हणाली, "निम्मा निम्मा, मग."

"मग पत्रात तसं लिहू?" ड्वेननं विचारलं.

"तसंच लिही. आणि आत्ता लिही, आम्ही दोघी इथं बसलोय तोवर."

ड्वेननं नवा कागद घेतला. आर्डिसनं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली आणि खुर्ची पुढे ओढून, त्याच्या पेनाखालून निघणारं एकेक अक्षर ती वाचत राहिली.